सुरुवात क्यूजीआयएसपासून करा

आपल्या तालुक्याचा जमीनवापर आराखडा पर्यावरणाच्या अंगाने तपासायचा, तर महागड्या सॉफ्टवेअरची गरज नाही; नकाशे बनवण्याचे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर क्यूजीआयएस, युरोपच्या सेंटिनेल-२ची दहा मीटर तपशिलाची उपग्रहचित्रे आणि इस्रोचे नकाशा-संकेतस्थळ भुवन एवढ्यावर पहिले वर्ष सहज निघते.

पहिली चूक जवळजवळ सगळेच करतात, मीही केली: नकाशाचा थर (ओढे, रस्ते अशा एकेका माहितीचा पदर) अक्षांश-रेखांशांतच ठेवून ओढ्याभोवती शंभर मीटरचा पट्टा काढायला गेलो आणि एकक अंश असल्याने शंभर अंशांचा पट्टा निघून निम्मी पृथ्वी रंगली. सातारा आणि सांगली यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या ४३ उत्तर विभागात येतात, म्हणून अंतर वा क्षेत्रफळ मोजण्यापूर्वी थर ईपीएसजी ३२६४३ (त्या विभागाचा संकेतांक) मध्ये बदलून घ्या.

दुसरी चूक अधिक महाग पडते. साताऱ्याजवळच्या कासचा सडा (खडकाळ पठार) एप्रिलच्या चित्रात निव्वळ पडीक खडक दिसतो, आणि त्यावर विसंबून एखादा नवखा तिथे 'बांधकामास योग्य' असा रंग भरून मोकळा होतो. प्रत्यक्षात त्याच जांभ्यावरच्या मातीच्या पातळ थरात पावसाळाअखेर फुलांचा बहर येतो. म्हणून किमान दोन ऋतूंची चित्रे पाहा. ऐन पावसाळ्यात ढग आड येतात, त्यामुळे सांगलीत कृष्णेचे पसरलेले पाणी पाहायचे असेल तेव्हा सेंटिनेल-१ची ढगांआडूनही टिपलेली रडार-चित्रे घ्या.

गाव नकाशा (जमिनीच्या गटांच्या हद्दी दाखवणारा) उपग्रहचित्रावर बसवताना मात्र घाई नको. विहिरी, ओढ्यांचे संगम, जुन्या बांधांचे कोपरे असे सहा-सात बिंदू नकाशाभर विखुरलेले निवडा आणि नंतर दोन-तीन गटांच्या बांधावर स्वतः जाऊन या. यंत्रशिक्षणाचे वर्गीकरण (संगणकाने चित्रावरून जमिनीचे प्रकार आपोआप ओळखणे) तूर्त बाजूलाच ठेवा.