लाकडी चौकटीचे प्रात्यक्षिक आणि अर्ध्यावरची पदवी

सप्रेम नमस्कार,

मेरीलँडहून आपण पाठवलेले पत्र मिळाले. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या आपल्या कन्येने वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवरील स्मिथसोनियन लोकजीवन महोत्सवात सुतारांना खिळ्यांशिवाय इमारतीची लाकडी चौकट उभारताना पाहिले आणि आता पदवी सोडून तिला असेच लोकांसमोर काम करायचे आहे, असे आपण लिहिता.

प्रात्यक्षिक हा स्वतंत्र व्यवसाय नव्हे, हे तिला प्रथम सांगावे. १९६७ पासून भरणारा हा महोत्सव उन्हाळ्यात थोडेच दिवस असतो. २००१ मध्ये त्यातील एक विभाग इमारत बांधणाऱ्या कारागिरांसाठीच होता. अशा ठिकाणी आमंत्रण मिळते ते वर्षानुवर्षे केलेल्या कामामुळे. कुसू (लाकडाच्या टोकाला कोरलेली जीभ) दुसऱ्या लाकडाच्या खोबणीत बसवताना दोन्हींतील छिद्रे मुद्दाम किंचित पुढेमागे ठेवली, की ठोकलेली खुंटी सांधा आवळून घेते, एवढे प्रेक्षकांना पाच मिनिटांत समजते. परंतु ती छिद्रे किती सरकवायची आणि ओले लाकूड वाळताना कोणत्या बाजूने आकसेल, याचा अंदाज पटाशी हातात धरूनच येतो.

माझ्या मते पदवी सोडू नये. खोबण पाडली की तुळई नेमकी सांध्यापाशीच कमकुवत होते; तेथे भार किती पेलेल, हे गणित जाणणारा आणि स्वतः सांधा कापू शकणारा माणूस जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत हवाच असतो. २०२१ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनमध्येच कॅथलिक विद्यापीठाच्या वास्तुकला विद्यार्थ्यांनी सुतारांच्या बरोबरीने पॅरिसच्या नोत्र दाम चर्चच्या जळालेल्या छपरातील एका कैचीची (छपराचा भार पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटीची) प्रतिकृती हातहत्यारांनी ओक लाकडात घडवली. शिक्षण आणि कारागिरी एकत्र चालू शकतात, ते असे.

येत्या सुटीत तिने एखाद्या कार्यशाळेत आठवडाभर काम करावे. (तिसऱ्या दिवशी तळहाताला फोड आल्यावर उत्साह किती उरतो, हे आपण शांतपणे पाहावे, आत्ताच वाद घालू नये.) त्यानंतरही ओढ टिकली, तर साउथ कॅरोलिनातील चार्ल्सटनच्या अमेरिकन कॉलेज ऑफ द बिल्डिंग आर्ट्समध्ये लाकडी चौकटीच्या कामात पदवी मिळते; तेथील शुल्क आणि सध्याच्या अभ्यासक्रमाचे गुण तेथे धरले जातील का, याची लेखी चौकशी करूनच निर्णय घ्यावा.

आपण पुण्याला याल तेव्हा तिला विश्रामबागवाड्यात न्यावे आणि तेथील सागवानी खांबांवर तुळया कशा टेकल्या आहेत, त्याचे रेखाटन करायला सांगावे. ते रेखाटन मला जरूर पाठवावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक