पॉवर सप्लायचे पैसे पॉलिसीत अडकले आहेत

नाशिकच्या इंदिरानगरमधून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३६. बिल्डर आणि आर्किटेक्ट मंडळींना इमारतींचे थ्रीडी व्ह्यू आणि वॉकथ्रू (इमारतीत फिरून बघितल्यासारखे व्हिडिओ) करून देतात, काम घरातल्याच एका खोलीत. महिन्याला सरासरी ८५,००० रुपये हाती येतात, पण सलग नाहीत. एखादा महिना कोरडा जातो. घरात पत्नी, दोन मुलं आणि आई. कमावणारे हे एकटेच. घरखर्च ५०,०००. ते लिहितात:

"माझ्याकडे आरटीएक्स ३०९० हे एक ग्राफिक्स कार्ड आहे. तसंच दुसरं वापरलेलं घेऊन दोन कार्डांची नवी मशीन बांधतोय. त्यासाठी बँकेचं ४ लाखांचं कर्ज काढलं, १६ टक्के, ३ वर्षं, हप्ता १४,०००. मशीनचा खर्च ३ लाख ६० हजार होतोय आणि पॉवर सप्लायपाशी, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या भागापाशी, पैसे कमी पडतायत. दुकानदार म्हणतो १६०० वॅटचा प्लॅटिनम घ्या, ३८,०००, विजेच्या बिलातून वसूल होईल. १२०० वॅटचा गोल्ड १९,००० ला आहे. मित्र म्हणतो ६,५०० वाला १००० वॅटचा घे, चालतो. कोणता घेऊ? कार्डं ऑनलाइन भाड्याने दिली तर महिन्याला २८,००० मिळतील, हप्ता त्यातूनच निघेल. सिंहस्थामुळे कामंही वाढतील. शिवाय कर्जासोबत बँकेने पॉलिसी दिली आहे, १५ वर्षांनी ११ लाख येणार, त्यामुळे त्या बाजूने निश्चिंत आहे."

शेवटचं वाक्य वाचल्यावर मी त्यांना लगेच फोन केला आणि कागद मागवून घेतले. हे उत्तर छापून येईपर्यंत थांबले असते तर हातातली मुदत निघून गेली असती. त्यांच्या परवानगीने, नाव न देता, इथे सगळं मांडते आहे, कारण अशी पत्रं दर महिन्याला येतात.

कर्जखात्याच्या उताऱ्यावर एकाच तारखेच्या नोंदी एकाखाली एक आहेत. कर्ज ४,००,०००. प्रोसेसिंगचे ७,००० वजा. विम्याचा प्रीमियम ४८,००० वजा. तुमच्या खात्यात जमा ३,४५,०००.

तुम्हाला मशीनसाठी ३,६०,००० हवेत आणि हातात ३,४५,००० आहेत. हे १५,००० कमी का पडतायत, ते त्या तिसऱ्या ओळीत लिहिलंय. तुम्ही पॉवर सप्लायवर काटकसर करायला निघालात, कारण ४८,००० रुपये तुमच्यापर्यंत पोचण्याआधीच बँकेने दुसरीकडे वळते केले. आणि ते ४८,००० तुमचे नव्हतेच, कर्जाचे होते. त्यांच्यावरही तुम्ही १६ टक्के व्याज भरताय. तीन वर्षांत ते साडेबारा हजारांच्या घरात जातं.

आता त्या ११ लाखांचं बघू. वर्षाला ४८,००० असे १५ वर्षं म्हणजे तुमचे ७ लाख २० हजार गेले. १५ वर्षांनी ११ लाख आले तर परतावा पडतो वर्षाला जेमतेम पाच टक्के. सोळा टक्क्यांनी उचललेले पैसे पाच टक्क्यांवर ठेवायचे! तेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी १५ वर्षं टाकले तर १३ लाख होतात, आणि तिथे कोणी कमिशन घेत नाही.

बरं, ते ११ लाख तरी पक्के आहेत का? तुम्ही पाठवलेल्या पीडीएफमध्ये आठव्या पानावर तक्ता आहे. त्याचे दोन भाग आहेत, एक गुंतवणुकीवर ४ टक्के परतावा गृहीत धरून, दुसरा ८ टक्के गृहीत धरून. ११ लाख हा आकडा ८ टक्क्यांच्या रकान्यातला आहे. ४ टक्क्यांच्या रकान्यात ७ लाख ९० हजार लिहिलेत, म्हणजे १५ वर्षांत भरल्यापेक्षा फक्त ७०,००० जास्त. त्याच पानावर खाली बारीक अक्षरात छापलंय की हे दोन्ही दर केवळ समजावण्यापुरते आहेत, हमी नाही. तुम्हाला उजवीकडचा रकाना दाखवला आणि पान उलटलं. मला याचा राग येतो आणि तो तुमच्यावर नाही.

सगळ्यात खटकणारी गोष्ट म्हणजे विम्याची रक्कम. ४ लाख ८० हजार. तुम्ही नसाल तर घरच्यांच्या हाती एवढेच येणार. तुमचा घरखर्च ५०,०००, म्हणजे दहा महिनेसुद्धा पुरणार नाहीत, आणि त्यातून उरलेलं कर्ज फेडायचं ते वेगळंच. एकट्याच्या कमाईवर चार माणसं अवलंबून असताना निश्चिंत व्हावं असं या पॉलिसीत काहीच नाही. तुमच्या वयाला, सिगारेट-तंबाखू नसेल आणि तब्येत ठीक असेल, तर एक कोटीचा टर्म इन्शुरन्स वर्षाला पंधरा ते अठरा हजारांत मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. "पण टर्ममध्ये पैसे परत मिळत नाहीत," असं तुम्ही फोनवर म्हणालात. नाहीच मिळत. घराला आज एक कोटीच्या छत्राची गरज आहे, त्याची ती किंमत आहे.

मग यातून बाहेर कसं पडायचं? आयुर्विम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत, पसंत नसेल तर ती परत करता येते. याला फ्री लुक म्हणतात. स्टँप ड्युटी, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विमासंरक्षणाची रक्कम कापून बाकी प्रीमियम परत मिळतो. तुम्ही म्हणालात, पॉलिसी अजून घरी आलीच नाही. पण ईमेलवर पीडीएफ येऊन १९ दिवस झालेत. ईमेलवर आलेली पॉलिसीही मिळाली असंच धरलं जातं. फाईल उघडली नाही म्हणून दिवस मोजायचे थांबत नाहीत. म्हणजे तुमच्याकडे ११ दिवस होते.

अर्ज विमा कंपनीकडे करायचा, बँकेच्या साहेबांकडे नाही. ते "बघतो, पुढच्या आठवड्यात या" म्हणतील आणि मुदत संपेल. कंपनीच्या ग्राहकसेवेच्या ईमेलवर पॉलिसी क्रमांक, मिळाल्याची तारीख, "फ्री लुक कालावधीत पॉलिसी रद्द करावी" हे एक वाक्य आणि कॅन्सल केलेला चेक जोडून पाठवायचा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवायचा. साहेबांनी "पॉलिसी रद्द केली तर कर्जाला अडचण येईल" असं सांगितलं तर ते लेखी मागा. कर्जासाठी पॉलिसी घेण्याची सक्ती बँकेला करता येत नाही. कर्ज वाटून झालं आहे, ते तुमच्या हप्त्यांवर चालतं. एवढ्यावर पैसे अडवले तर विम्यासाठी 'बिमा भरोसा' पोर्टल आणि नंतर विमा लोकपाल, बँकेसाठी रिझर्व्ह बँकेचे लोकपाल, हे रस्ते मोकळे आहेत.

भाड्याच्या उत्पन्नाचं थोडक्यात सांगते. तुमचा हिशेब असा: तासाला २० रुपये, दोन कार्डं, २४ तास, ३० दिवस, म्हणजे २८,८००. पण दिवसा त्याच कार्डांवर तुम्ही रेंडर, म्हणजे चित्रं तयार करायचं काम, लावणार ना? मग उरली रात्र, दहा तास. त्यातही रोज रात्रभर गिऱ्हाईक मिळेल हे कशावरून? तीन तास मिळाले तर महिन्याला ३,६०० होतात. त्यातून वेबसाइटचा वाटा गेला. मशीन रात्रभर चालू ठेवल्याचे शंभरेक युनिट, तुमच्या बिलाच्या सरासरीने १,२०० रुपये, तेही गेले. हातात दोन हजार. हप्ता १४,०००. सिंहस्थ २०२७ मध्ये आहे हे खरं, पण त्यानिमित्त निघणारी मोठी कामं रस्ते, घाट, पाणी अशी सरकारी आहेत. तुमचं गिऱ्हाईक पाथर्डी फाट्याचा आणि गंगापूर रोडचा बिल्डर आहे, आणि तो बिलं तीन महिने उशिरा देतो असं तुम्हीच लिहिलंय. हप्ता आजच्या ८५,००० मधून भरायचा, असंच धरून चला. तो भरता येतो. मशीन घेऊ नका असं मी म्हणत नाही. गेल्या वर्षी वेळ नाही म्हणून चार वॉकथ्रू नाकारले असतील तर दुसऱ्या कार्डाला काम आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. ३०९० कार्ड एक ३५० वॅट घेतं, दोन म्हणजे ७००. प्रोसेसरचे २००, बाकीचे १००. झाले १०००. शिवाय ही कार्डं क्षणभरासाठी याहून बरीच जास्त वीज ओढतात, आणि हलका पॉवर सप्लाय नेमका तेव्हा बंद पडतो. म्हणून १२०० वॅटचा गोल्ड घ्या, पण एटीएक्स ३.० किंवा त्यापुढचा असेल तरच. त्या मानकात असे झटके सोसण्याची अट आहे. दोन्ही कार्डांची मर्यादा सॉफ्टवेअरमधून ३०० वॅटवर आणा. वेग थोडाच कमी होतो आणि शंभर वॅट वाचतात. प्रत्येक कार्डाच्या प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र केबल लावा, एका केबलची दोन तोंडं नकोत. आणि जुन्या सप्लायच्या केबली नव्याला अजिबात लावू नका. टोकं बसतात, पण आतल्या तारांची जुळणी कंपनीगणिक वेगळी असते आणि कार्ड जळतं.

प्लॅटिनमचे पैसे बिलातून वसूल होतात का? गोल्ड, प्लॅटिनम हे कमी वीज वाया घालवण्याचे दर्जे आहेत: निम्म्या भारावर गोल्डची कार्यक्षमता साधारण ९० टक्के, प्लॅटिनमची ९२. कार्डांवर मर्यादा लावल्यावर नऊशे वॅट घेणाऱ्या मशीनला फरक पडतो वीस-बावीस वॅटचा. रोज आठ तास, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ५० युनिट, ६०० रुपये. जास्तीचे १९,००० वसूल व्हायला तीस वर्षं लागतील.

आणि ६,५०० वाला? त्याच्या स्टिकरचा फोटो तुम्ही पाठवलात. खोक्यावर ठळक १०००, पण स्टिकरवर १२ व्होल्टपुढे ४५ अँपिअर. ४५ गुणिले १२ म्हणजे ५४० वॅट. कार्डं आणि प्रोसेसर या १२ व्होल्टवरच चालतात. खरा १००० वॅटचा असता तर तिथे ८३ च्या आसपास आकडा दिसला असता. आमच्या ऑफिसात ऐन जुलैत, रिटर्न भरायच्या दिवसांत, असाच स्वस्तातला सप्लाय जळला होता आणि जाताना मदरबोर्ड आणि डिस्क घेऊन गेला. यावर लाखाची कार्डं लावू नका. तुमचा ६०० व्हीएचा यूपीएससुद्धा या मशीनला चालणार नाही, तो ३६० वॅटच्या आसपास देतो. किमान २ केव्हीएचा लागेल, पण तो दोन-तीन महिन्यांनी घेतलात तरी चालेल. तोवर वॉकथ्रू सुट्या फ्रेम्समध्ये रेंडर करा, वीज गेली तरी झालेल्या फ्रेम्स वाचतील.

पॉलिसीचे ४६,००० च्या आसपास परत येतील. त्यातून कमी पडणारे १५,००० गेले, राहिले ३१,०००. त्याला हात लावू नका, ते दोन हप्त्यांचे पैसे आहेत, पहिल्या कोरड्या महिन्यासाठी. टर्म इन्शुरन्सचा पहिला हप्ता चालू कमाईतून भरा, आणि अर्ज याच आठवड्यात करा. फ्री लुकचे पैसे यायची वाट बघू नका.

त्यांनी ईमेल त्याच संध्याकाळी पाठवला, तक्रार क्रमांक आला आहे. पैसे जमा होईपर्यंत दुसरं कार्ड आणि पॉवर सप्लाय दोन्ही थांबवायला सांगितलंय. आत्ता मशीनमध्ये असलेला ७५० वॅटचा सप्लाय एका ३०९० ला पुरतो.