क्रॅनबेरीला करवंद म्हणावं का?

नाशिकच्या एका बालवाडीच्या ताईंनी विचारलंय: मुलांना क्रॅनबेरी, म्हणजे अमेरिकेतलं ते लाल आंबट फळ, शिकवताना ‘करवंद’ म्हटलं तर चालेल का? आणि ती पिकते त्या ‘बॉग’ला दलदल म्हणायचं का?

ताई, करवंद नको. मे महिन्यात पेठ-त्र्यंबककडच्या बायका पानांच्या द्रोणांत करवंदं विकायला आणतात, ती तुमच्या मुलांनी खाल्लेली असतात. करवंद फोडून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा खेळही त्यांना ठाऊक असतो. काटेरी जाळी आणि बोटांना चिकटणारा चीक, ही करवंदाची खूण. क्रॅनबेरीला काटेही नाहीत, चीकही नाही, कूळसुद्धा वेगळं. फक्त आंबटपणा जुळतो. साखरेत मुरवून लाल रंगवलेलं करवंद ‘चेरी’ म्हणून केकवर बसतंच, आणखी घोळ नको. क्रॅनबेरीच म्हणा. त्या नावात क्रेन, म्हणजे आपल्या सारसाच्या कुळातला पक्षी आहे. तिचं फूल या पक्ष्याच्या चोच-मानेसारखं दिसतं, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. मुलांना हे फार आवडेल.

‘बॉग’साठी मात्र आपल्याकडे सुंदर शब्द आहे: खाचर. ‘दलदल’ म्हटलं की पाय रुतणारी, कुणी न कसलेली जागा डोळ्यांपुढे येते. मुळात हे वेल पाणथळ जागीच वाढायचे हे खरं, पण आता अमेरिकेत विस्कॉन्सिन, मॅसॅच्युसेट्सकडे बांध घातलेल्या सपाट तुकड्यांत त्यांची लागवड करतात. इगतपुरीची भातखाचरं पाहिलेल्या मुलाला ‘क्रॅनबेरीचं खाचर’ लगेच कळेल.

एक फरक तेवढा नक्की सांगा. लाल फळांनी भरलेल्या पाण्याचा फोटो पाहून मुलांना वाटतं, फळ पाण्यातच वाढतं. तसं नाही. भाताच्या खाचरात पीक वाढताना पाणी असतं. इथे वेल उन्हाळाभर रेताड जमिनीवर पसरलेला असतो आणि पाणी सोडतात ते काढणीला. मग यंत्राने वेल हलवले की फळं सुटून वर येतात. ती तरंगतात, कारण प्रत्येक फळात हवेचे चार कप्पे असतात. फळ्यावर एक गोल काढून आत चार खोल्या दाखवा. शेजारी पाण्याच्या वाडग्यात आपलं द्राक्ष सोडा. ते तळाला जाईल.