तळ नसलेली विहीर

चोपड्याच्या एका दादाने विचारलंय, "सगळ्या वस्तू सारख्याच पडतात हे गॅलिलिओपासून ठाऊक आहे, चंद्रावरही करून दाखवलं. मग तेच तपासायला उपग्रह कशाला?" प्रश्न मनापासून आवडला, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या मळ्यातली विहीर 60 फुटांची. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की मी शाळेतल्या पोरांना काठावर आणायचो. एकाच्या हातात दगड, दुसऱ्याच्या हातात कापसाचा बोळा. दगड 2 सेकंदांत डुबुक! बोळा मात्र कपारीला घासत, हेलकावत उतरायचा. हा हवेचा अडथळा. चंद्रावर हवा नाही, म्हणून 2 ऑगस्ट 1971 रोजी अपोलो 15 च्या डेव्हिड स्कॉट यांनी सोडलेला हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदमच टेकले. पण एकदम म्हणजे डोळ्यांना दिसलं तेवढंच.

आणि मुद्दा इथेच आहे दादा. आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत ही समानता सिद्ध करत नाही, ती धरूनच पुढे जातो. क्वांटम सिद्धांताशी, म्हणजे अणूंच्या सूक्ष्म जगाच्या नियमांशी, त्याचा मेळ अजून बसलेला नाही. तो बसवू पाहणाऱ्या काही कल्पनांप्रमाणे दोन वेगळ्या धातूंच्या पडण्यात अतिसूक्ष्म फरक निघायला हवा. तो पकडायला 2 सेकंद कुठून पुरणार? कक्षेतला उपग्रह मात्र अखंड पडतच असतो. तळच नसलेली विहीर म्हणा.

फ्रान्सचा 'मायक्रोस्कोप' उपग्रह 25 एप्रिल 2016 रोजी सुटला आणि सुमारे 710 किलोमीटर उंचीवर 2018 पर्यंत फिरला. त्यात एकात एक बसवलेले दोन पोकळ नळे होते, एक प्लॅटिनमच्या मिश्रधातूचा, दुसरा टायटॅनियमच्या. विद्युतबलाने दोघांना जागेवर धरायचं, आणि एकाला धरायला दुसऱ्यापेक्षा वेगळा जोर लागतो का ते मोजायचं. एवढ्या उंचीवरही विरळ हवा आणि सूर्यप्रकाशाचा दाब उपग्रहाला ढकलतो, म्हणून वायूचे बारीक फवारे मारून तो ढकला सतत भरून काढायचा. उपग्रहावरचं उष्णतारोधक आवरण तडतडलं तरी मोजमापात धक्का दिसायचा!

अंतिम निकाल 2022 मध्ये आला. फरक सापडला नाही. अचूकता किती, तर 100 कोटी किलोमीटरच्या पडण्यात दोन-तीन मिलिमीटरांची. जमिनीवरच्या उत्तम पिळाच्या तराजूंनाही (बारीक तारेला वजनं टांगून तार किती पिळते ते मोजणाऱ्या) एवढं जमलेलं नाही.

"मग हाती काय लागलं?" असं कुणी म्हणेल. माझ्या मते पुष्कळ लागलं. मोठा फरक सांगणाऱ्या कल्पना बाद झाल्या, आणि पुढे कुठे सुधारायचं तेही कळलं. नळ्यांवर विद्युतभार साचू नये म्हणून प्रत्येकाला 7 मायक्रॉन जाडीची, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी, सोन्याची तार जोडली होती. मोजमापाची मर्यादा मुख्यतः त्या तारेनेच ठरवली. युरोपच्या लिसा पाथफाइंडर यानात असा भार तारेशिवाय, अतिनील प्रकाश टाकून काढला गेला आहे. पुढच्या उपग्रहात तार काढून टाकायची, असाच विचार आहे.