दहा दिवसांत पाच मेथडची लेव्हल टू? फी भरायच्या आधी हे विचारा

नमस्कार ताई,

मुलाचा मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, त्याला अल्ट्रासोनिक टेस्टिंगमध्ये (यूटी, म्हणजे धातू न तोडता आवाजाने आतले दोष शोधणं) जायचंय, एक क्लास दहा दिवसांत पाच मेथडची (अशा तपासणीच्या पाच पद्धतींची) लेव्हल टू, म्हणजे स्वतः तपासून निकाल देण्याची पात्रता, आणि वर गल्फची नोकरी देतो म्हणतोय, तर पैसे भरू का, आणि हे एक्स-रेसारखं अंगाला बाधत तर नाही ना, असं तुम्ही विचारलंय.

बाधत नाही, ती काळजी सोडा. यूटीत नुसता आवाज असतो, कानाला ऐकू न येणारा, वेल्डसाठी साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झचा. प्रोबमधून तो धातूत सोडायचा, आत भेग असली की तिथून परत फिरतो आणि स्क्रीनवर इको उठतो. रेडिएशन असतं ते रेडिओग्राफीत, तिथे एईआरबीचे (अणुऊर्जा नियामक मंडळाचे) नियम वेगळे.

लाइन चांगली आहे. रेल्वेचे रूळ-ॲक्सल, बॉयलर, जहाजं, फोर्जिंगचे कारखाने, सगळीकडे लागते. पण त्या पॅकेजचं गणित मला पटत नाही. बहुतेक कंपन्या एसएनटी-टीसी-१ए (अशा तपासनिसांच्या ट्रेनिंग-सर्टिफिकेटची अमेरिकन शिफारस) धरून चालतात, त्यात एकट्या यूटीच्या लेव्हल वन आणि टूला मिळून ७०-८० तासांचं ट्रेनिंग सुचवलंय, म्हणजे दहा दिवस यूटीतच संपले, बाकीच्या चार मेथड कधी शिकवणार? शिवाय प्रत्यक्ष कामाचा अनुभव लेव्हल वनला २१० तास आणि पुढे टूला ६३० तास, तो क्लासच्या बाकावर बसून होत नाही. आणि मेन गोष्ट म्हणजे या पद्धतीत सर्टिफाय करायची जबाबदारी कंपनीची असते, नोकरी सोडली की ते सर्टिफिकेट तिथेच राहतं, नवी कंपनी परत तपासून घेते. स्वतंत्र संस्थेकडून आयएसओ ९७१२चं (आंतरराष्ट्रीय मानकाचं) सर्टिफिकेट केलं तर ते मुलासोबत फिरतं, पण त्यालाही अनुभव दाखवावाच लागतो.

अनुभव का, ते सांगतो. ३० अंशाचा बेव्हल (वेल्डसाठी तिरकी कापलेली कड) आहे आणि कडेला धातू जोडलाच गेला नाही, तर ६० अंशाच्या प्रोबचा आवाज त्या कडेवर काटकोनात आपटून परत येतो, आणि तिथे ४५चा लावून पोरगं नुसतं पुढेमागे फिरवत बसलं तर इको भलतीकडे निघून जाणार, स्क्रीन साफ, रिपोर्ट ओके, दोष मात्र आत जसाच्या तसा! मग स्पॅटर (वेल्डिंगचे उडून चिकटलेले थेंब) नीट घासला नसेल, प्रोबखाली लावायचं ग्रीस कमी पडलं असेल, तर आवाज आत शिरतच नाही. हे हाताला कळायला महिने लागतात (मशीन कितीही महाग घ्या).

म्हणून क्लासला जाऊन विचारा, व्ही-वन ब्लॉकवर (मशीन जुळवायच्या ठरावीक मापाच्या ठोकळ्यावर) मुलगा स्वतः कॅलिब्रेशन करणार का, किती जणांत एक मशीन आहे, आत मुद्दाम दोष ठेवलेले वेल्डचे तुकडे आहेत का, लेव्हल थ्री (सगळ्यात वरच्या पातळीचा तज्ज्ञ) रोज येतो की फक्त सहीपुरता. धड उत्तर मिळालं तर फक्त यूटी घ्या, जमलं तर जोडीला एमपीटी (चुंबकीय कणांची तपासणी) किंवा डीपीटी (रंगीत द्रवाची तपासणी), ती सोपी आहेत. मग सरळ एखाद्या इन्स्पेक्शन कंपनीत ट्रेनी म्हणून लागू दे, पगार सुरुवातीला बेताचाच असतो, ते धरून चाला. गल्फचं दोन-तीन वर्षांनी बघता येईल.

अजून एक, चष्म्याचा नंबर तपासून घ्या त्याचा. जवळचं बारीक अक्षर वाचण्याची टेस्ट दरवर्षी द्यावी लागते, चष्मा लावून दिली तरी चालते.