कॉन्फिडन्स 'डॅम्पन' होतो का?

प्रश्न असा आलाय: एक ताई ऑनलाइन इंग्लिश शिकवतात, त्यांच्या चिनी विद्यार्थ्याने लिहिलं 'द रिझल्ट हिट माय कॉन्फिडन्स', ते खटकलं म्हणून त्यांनी डिक्शनरी बघून 'डॅम्पन्ड' करून दिलं, आणि आता त्यांनाच शंका येतेय की हे तरी बरोबर आहे का. शंका रास्त आहे. व्याकरण कुठे चुकलेलं नाही, पण एखाद्या माणसाच्या कॉन्फिडन्सबद्दल बोलताना मी 'डेन्टेड' किंवा 'शूक' सांगेन.

तो 'हिट' कुठून आला ते आधी बघा. मँडरिनमध्ये यासाठी रोजच्या वापरातला शब्द आहे 'दा-ची'. दा म्हणजे मारणे आणि ची म्हणजे पण प्रहारच. हा शब्द कॉन्फिडन्सला चालतो, उत्साहाला चालतो, गुन्हेगारीचा बीमोड करायचा तरी हाच, आणि थेट माणसालाही लागतो. माझ्या ग्रुपमधली एक मुलगी एकदा म्हणाली 'माय टीचर हिट मी यस्टरडे' आणि सगळे एकदम गप्प झाले, दोन मिनिटांनी उलगडा झाला की सरांनी हात वगैरे काही लावला नव्हता, निबंधावर इतका कडक शेरा मारला होता की बिचारीचं अवसानच गळालं. आपण शेरा 'मारतो', टोमणा 'मारतो', म्हणून मला तिचं म्हणणं पटकन कळलं, इंग्लिशवाल्याला नसतं कळलं. त्यात दा-ची नाम पण आहे आणि क्रियापद पण, त्यामुळे 'अ ब्लो टू माय कॉन्फिडन्स' हे बरोबर शिकलेली मुलं पुढच्या वाक्यात 'इट ब्लू माय कॉन्फिडन्स' लिहून मोकळी होतात. ब्लो इथे नामच ठेवायचं, आणि सोबत 'टू' हवाच.

आता डॅम्पन. डॅम्प म्हणजे ओल हा अर्थ नंतरचा आहे, आधी तो वाफ, कोंदट हवा असा होता. कोळशाच्या खाणीतल्या मिथेनला 'फायरडॅम्प' म्हणतात त्यातला डॅम्प हाच, आणि जर्मनमध्ये 'डाम्फ' म्हणजे आजही वाफ. क्रियापद झालं तेव्हा अर्थ होता घुसमटवणे, आग मंद करणे. म्हणून जे पेटतं, उसळतं, त्याला डॅम्पन शोभतं: एन्थुझिअझम, स्पिरिट्स, मागणी. बातम्यांमध्ये 'डॅम्पन कन्झ्युमर कॉन्फिडन्स' दिसतं ते ठीकच आहे, कारण तिथे कॉन्फिडन्स म्हणजे वर-खाली होणारा आकडा असतो, बाजार गरम झाला, थंड झाला तसा.

पण माणसाचा कॉन्फिडन्स इंग्लिशमध्ये पेटत नाही, तो उभा असतो, घट्ट असतो. आपल्याकडे पण बघा ना, उत्साहावर विरजण पडतं, आनंदावर पडतं, पण 'आत्मविश्वासावर विरजण पडलं' म्हटलं की कानाला कसंतरीच लागतं. आत्मविश्वास डळमळतो, खचतो, ढासळतो.

डेन्ट मला सगळ्यात आवडतो. डेन्ट म्हणजे पोचा. तांब्या हातातून निसटून फरशीवर आपटला की कडेला पोचा येतो, हात फिरवला की बोटाला लागतो, पण तांब्या गळत नाही, पाणी प्यायला चालतो. एका पेपरात मार्क कमी पडले तर कॉन्फिडन्सचं नेमकं हेच होतं, पार चुराडा झाला असेल तर 'शॅटर्ड' आहेच. आणि गंमत म्हणजे डेन्ट हा 'डिन्ट' या जुन्या शब्दाचं रूप आहे, त्याचा मूळ अर्थच मुळी फटका, म्हणजे फिरून परत दा-चीपाशीच आलो! चिनी मुलांना हे सांगितलं की शब्द डोक्यात पक्का बसतो, माझा अनुभव आहे.

अजून दोन ठिकाणी ही मुलं हमखास अडकतात. 'फो लङ-श्वेइ' म्हणजे गार पाणी ओतणे, इंग्लिशमध्येही सेम आहे असं वाटतं, पण चिनीत ते माणसावर ओततात आणि इंग्लिशमध्ये त्याच्या प्लॅनवर, आयडियावर. 'डोन्ट पोअर कोल्ड वॉटर ऑन मी' म्हटलं तर खरंच कोणी बादली घेऊन उभं आहे असं वाटेल. दुसरं 'अंडरमाइन', म्हणजे पायाखालून पोखरणं, हळूहळू, बहुतेक वेळा कोणीतरी सतत टोचून बोलून केलेलं. चिनीत 'वा छ्यांग-च्याव', भिंतीचा पाया खणणे, अगदी हेच चित्र, पण आज तो शब्द जास्त करून दुसऱ्याची माणसं फोडून आपल्याकडे आणण्यासाठी वापरतात, तेव्हा तिथे जोडी लावायला जाऊ नका.

ताई, त्या विद्यार्थ्याला वाक्य असं करून द्या: 'द रिझल्ट डेन्टेड माय कॉन्फिडन्स, बट इट डिडन्ट डॅम्पन माय एन्थुझिअझम.' मग त्यालाच ते चिनीत करायला सांगा. दोन्हीकडे दा-ची येईल, आणि त्याच्या हिटमध्ये काय खटकत होतं ते त्याचं त्यालाच दिसेल.