धुळ्याचं रेशनकार्ड इंदूरात चालतं का?

प्रश्न : ताई, आमच्या वरच्या मजल्यावर धुळ्याकडचं एक कुटुंब भाड्यानं राहतं. नवरा पीथमपूरला ठेक्यावर होता, ते काम सुटलं, दोन लहान मुलं आहेत, भाडं थकलंय आणि घरमालक म्हणतो रविवारी सामान बाहेर काढीन, लाईट कापीन. रेशनकार्ड महाराष्ट्राचं म्हणून कंट्रोलवाल्यानं (रेशन दुकानदारानं) परत पाठवलं. ती वहिनी कुणाकडे मागायला लाजते. काय करता येईल? – एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : कंट्रोलवाल्यानं चुकीचं सांगितलं हो. वन नेशन वन रेशन कार्डमध्ये धुळ्याचं कार्ड इंदूरच्या दुकानातही चालतं, मशीनमध्ये कार्डाचा किंवा आधारचा नंबर टाकायचा, अंगठा लावायचा, बस. माणशी महिन्याला 5 किलो धान्य, अंत्योदय असेल तर अख्ख्या घराला 35 किलो, आणि 2023 पासून ते फुकट आहे (तेल-डाळ मात्र यात धरू नका). फक्त कार्ड अन्नसुरक्षेतलं हवं. पांढरं असेल तर विषय संपला, केशरी असेल तर त्यावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का आहे का बघा, इथेच बरेच जण अडकतात. ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) राहिली असेल तर तीही इथल्याच दुकानात होते, त्यासाठी धुळ्याचं भाडं खर्च करू नका. तरी नाहीच म्हणाला तर त्याच्यासमोरच 181 लावा, सीएम हेल्पलाइन. आणि कुणी एजंट इथलं नवीन कार्ड काढून देतो म्हणाला तर सध्या नको, समग्र आयडी (मध्य प्रदेशचा कुटुंब-नंबर), पात्रता पर्ची (रेशनला पात्र असल्याची चिठ्ठी), सगळ्याला वेळ लागतो आणि त्याआधी धुळ्याचं नाव कापावं लागतं, म्हणजे मधल्या काळात इकडचंही नाही नि तिकडचंही नाही.

आजच्या जेवणाला कागद लागत नाही. दीनदयाल रसोईत, म्हणजे सरकारी स्वस्त जेवणाच्या केंद्रात, 5 रुपयांत थाळी मिळते, राजवाड्याजवळ इमली साहिब गुरुद्वाऱ्यात लंगर असतो, तिथे कोण कुठले कुणी विचारत नाही.

आता घरमालक. कोर्टाच्या ऑर्डरशिवाय सामान बाहेर काढता येत नाही, लाईट-पाणी तोडणं तर मध्य प्रदेशच्या 1961 च्या भाडे कायद्यातच मना आहे. रविवारी खरंच आला तर 112 लावा. त्याआधी वहिनींना जिल्हा कोर्टातल्या विधिक सेवा प्राधिकरणात घेऊन जा, बायकांना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो, फोन 15100. पण भाडं माफ होत नाही हं, थकबाकीवरूनच पुढे खाली करायची केस होऊ शकते, म्हणून जमेल तेवढे हजार-दोन हजार यूपीआयनंच द्या, नोंद राहते, आणि बाकीचं कधी देणार ते व्हॉट्सअपवर लिहून टाका. घाबरून खोली मात्र सोडायची नाही, रैन बसेऱ्यात (रात्रीच्या निवाऱ्यात) रात्र निघते पण गॅस-भांडी-दप्तरं घेऊन चौघांचा संसार तिथे कसा होणार? आवास योजनेचा फॉर्म भरा हवं तर, पण त्यानं हा रविवार निघत नाही.

मंगळवारी कलेक्टर ऑफिसात जनसुनवाई असते, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोर ऐकतात, तिथे मदतीचा साधा अर्ज द्या आणि पावती घ्या. वहिनी एकटी जाणार नाही, तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी सोबत जा, आणि कंट्रोलला महिनाअखेर व्हायच्या आत.